पगारवाढीतला तुमचा खरा वाटा: कर गेल्यावर हातात किती उरतं?

पगारवाढीची वेळ आली की ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता वरच्या स्लॅबमध्ये जाशील, सगळं करातच जाईल." या भीतीपोटी लोक बढती नाकारतात, नव्या नोकरीची ऑफर सोडून देतात किंवा वाढ मागायचंच टाळतात. वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं, पण दरवेळी नाही. काही ठरावीक पट्ट्यांत पगार वाढूनही हातात येणारी रक्कम खरोखर कमी होते. त्या पट्ट्या कुठे आहेत आणि त्यांच्या बाहेर वाढीतला किती हिस्सा आपला राहतो, हे आकड्यांत मांडता येतं. खालचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे नव्या करप्रणालीचे (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आहेत.

आधी स्लॅब. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के. निघालेल्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. हे दर करपात्र उत्पन्नावर लागतात, म्हणजे पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर जे उरतं त्यावर. प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो. करपात्र उत्पन्न २४ लाखांवरून २४ लाख १० हजार झालं तर ३० टक्के कर त्या १० हजारांवरच बसतो. सेस धरून ३,१२० रुपये गेले, ६,८८० तुमचे. आधीच्या २४ लाखांवरचा कर एका पैशानंही बदलत नाही.

म्हणून पगारवाढीचा हिशेब करताना एकूण पगारावर किती टक्के कर बसतो, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. वाढलेल्या रकमेवर किती बसतो, एवढंच विचारायचं. सेस धरून तो आकडा १२ ते १६ लाखांत १५.६ टक्के, १६ ते २० लाखांत २०.८, २० ते २४ लाखांत २६ आणि पुढे ३१.२ टक्के येतो. १५ लाख पगारावर ९७,५०० रुपये कर आहे, १८ लाखांवर १,५०,८००. तीन लाखांच्या वाढीतले ५३,३०० सरकारकडे गेले आणि २,४६,७०० तुमच्याकडे राहिले. १८ वरून २५ लाखांवर उडी घेतली तर सात लाखांतले १,६९,००० करात जातात, ५,३१,००० उरतात. इथे करासाठी वाढ नाकारण्याचं काहीच कारण नाही.

जिथे वाढ खरंच गिळली जाते

करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळून कर शून्य होतो. पगारदारासाठी ही मर्यादा १२,७५,००० रुपये. तिच्यापुढे एक रुपया गेला की सवलत संपते आणि ६०,००० रुपयांचा कर अंगावर येतो. तसं होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ ठेवली आहे: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागणार नाही. ऐकायला हा दिलासा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की या पट्टीत वाढीचा प्रत्येक रुपया पूर्ण करात जातो. आणि सेस या सवलतीनंतर लागतो, त्यामुळे रुपयामागे एक रुपया चार पैसे जातात.

पगार १२,७५,००० वरून १३,४५,००० झाला असं धरा. करपात्र उत्पन्न १२,७०,०००. स्लॅबप्रमाणे कर ७०,५०० होतो, पण वरचं उत्पन्न ७०,००० असल्यानं कर ७०,००० वर थांबतो. त्यावर सेस २,८००. एकूण ७२,८००. हातात राहिले १२,७२,२००, म्हणजे वाढीआधी होते त्यापेक्षा २,८०० रुपये कमी. सत्तर हजारांची वाढ मिळाली आणि वर्षाचं उत्पन्न घटलं. मार्जिनल रिलीफ करपात्र १२,७०,५८८ रुपयांपर्यंत चालते. त्यापुढे नेहमीचा १५.६ टक्के दर सुरू होतो आणि पगार साधारण १३ लाख ४९ हजारांवर पोहोचला की हातात पुन्हा १२,७५,००० येतात.

म्हणजे १२.७५ ते १३.४९ लाख ही पट्टी हाताला कोरडी आहे. इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे वाढ नाकारणं. या पट्टीतलं जास्तीत जास्त नुकसान वर्षाला सुमारे २,८२४ रुपये आहे, पण पुढच्या वर्षाची वाढ, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पुढच्या नोकरीतली बोलणी या सगळ्यांचा पाया वाढलेल्या आकड्यावर असतो. त्यामुळे आकडा वाढवून घ्यावाच. दुसरी चूक म्हणजे एवढ्या वाढीसाठी रात्रपाळी, जास्तीची टीम किंवा शनिवारची हजेरी कबूल करणं. कामाचा बोजा वाढणार असेल तर १३.४० मान्य करू नका, १४ लाख मागा. १४ लाखांवर कर ८१,९०० होतो आणि हातात १३,१८,१०० राहतात. तिथे वाढ दिसायला लागते.

या पट्टीतून बाहेर पडायचा सरळ, कायदेशीर मार्ग म्हणजे कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या, पण कंपनीनं तुमच्या एनपीएस खात्यात भरलेल्या रकमेची वजावट राहिली, तीही बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, १४ टक्क्यांपर्यंत. वरच्याच उदाहरणात बेसिक ६,५०,००० असेल तर मर्यादा ९१,००० येते. कंपनीला सांगा, ७०,००० ची वाढ एनपीएस योगदान म्हणून द्या. करपात्र उत्पन्न पुन्हा १२ लाख, कर शून्य. हातात १२,७५,००० आले आणि ७०,००० एनपीएसमध्ये गेले. तेच पैसे रोख घेतले असते तर ७२,८०० करात गेले असते. हे पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात आणि त्यातला काही भाग पेन्शन योजनेत घालावा लागतो, हे मान्य करूनच निर्णय घ्यायचा. पण या एका पट्टीत एनपीएसइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. कंपनी हा पर्याय देते का, हे एचआरला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारावं. अनेक ठिकाणी निवड फक्त एप्रिलमध्ये बदलता येते.

पगारातून कापला जाणारा तुमचा स्वतःचा पीएफ नव्या प्रणालीत वजावट देत नाही. तुम्ही स्वतः एनपीएसमध्ये भरलेले पैसेही नाहीत. "पीएफ कापून १२ लाखांच्या आत येतो" असा हिशेब करणारे दर जुलैत रिटर्न भरताना अडकतात. कंपनीच्या बाजूचा पीएफ मात्र बेसिकच्या १२ टक्क्यांपर्यंत तुमच्या करपात्र पगारात धरला जात नाही. तसंच कंपनीनं काढलेल्या सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ताही. वाढीचा काही भाग आईवडिलांना कंपनीच्या विम्यात घेण्यासाठी वळवता आला, तर त्यावर कर लागत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचा स्वतंत्र विमा काढायला गेलात की ही सोय किती मोलाची आहे ते कळतं.

अजून एक सापळा पगाराबाहेर आहे. पगार अगदी १२,७५,००० आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि बँकेच्या एफडीचं व्याज ४०,००० आलं, तर करपात्र उत्पन्न १२,४०,००० होतं. कर ४०,००० आणि सेस १,६००. म्हणजे सगळं व्याज गेलं, वर खिशातून १,६०० भरले. पगार या सीमेच्या आसपास असेल तर एफडी कुणाच्या नावावर आहे हे आधी पाहावं. घरात ज्याचं उत्पन्न कमी आहे त्याच्या स्वतःच्या कमाईतून त्याच्या नावावर ठेव असणं सोयीचं. नुसते बायकोच्या नावावर पैसे टाकून उपयोग नाही, कारण नवऱ्यानं दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

ऑक्टोबरातली वाढ

वर्षाच्या मध्यात वाढ मिळाली की पहिले काही महिने फार वाईट दिसतात. महिना १,०५,००० पगार, वर्षाचा १२.६० लाख, कर शून्य. ऑक्टोबरपासून पगार १,२०,००० झाला. वर्षाचा एकूण १३,५०,०००, करपात्र १२,७५,०००, कर सेससह ७४,१००. पहिल्या सहा महिन्यांत काहीच कापलेलं नसतं, म्हणून कंपनी ही सगळी रक्कम उरलेल्या सहा महिन्यांत वसूल करते: महिना १२,३५०. पंधरा हजारांची वाढ आणि हातात जास्त आले २,६५०. "वाढ झाली आणि काहीच मिळालं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

पुढच्या एप्रिलपासून चित्र बदलतं. १४.४० लाखांवर कर ८८,१४० आहे, म्हणजे महिना ७,३४५, आणि हातात पूर्वीपेक्षा ७,६५५ रुपये जास्त येतात. त्यामुळे वाढीचा निर्णय पहिल्या सहा स्लिपा पाहून करू नये, पूर्ण वर्षाचा आकडा मांडून करावा. त्या सहा महिन्यांत नवा हप्ता मात्र सुरू करू नका.

थकबाकीचंही तसंच. महागाई भत्त्याची किंवा वेतनआयोगाची मागच्या वर्षांची रक्कम एकदम हातात आली की त्या वर्षाचा स्लॅब फुगतो. ज्या वर्षांची ती रक्कम आहे त्या वर्षांप्रमाणे कर मोजून फरकाची सूट मिळते, पण त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०-ई भरावा लागतो, आणि तोही रिटर्न भरण्याआधी. फॉर्म न भरता रिटर्नमध्ये सूट मागितली की ती नाकारली जाते आणि नोटीस येते.

"पॅकेज" म्हणजे पगार नव्हे

करापेक्षा जास्त गैरसमज सीटीसीबद्दल, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाबद्दल असतो. १८ लाखांची ऑफर आली की लोक १२ नं भागतात, दीड लाख महिना. आता तेच पत्र उघडून पाहू. बेसिक ९ लाख. कंपनीचा पीएफ १,०८,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ४३,२९०. विम्याचा हप्ता १२,०००. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा बदलता भाग, १,८०,०००. हे सगळं वजा केल्यावर नक्की मिळणारा पगार वर्षाला १४,५६,७१० उरतो, महिन्याला १,२१,३९२. त्यातून तुमचा पीएफ ९,०००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस (कंपनी पगारातूनच कापते तो आयकर) ७,५६२ गेले. बँकेत जमा होतात सुमारे १,०४,६३०.

दीड लाख आणि एक लाख पाच हजार यांच्यात ४५ हजारांचा फरक आहे, आणि त्यात आयकर साडेसात हजारच आहे. म्हणून ऑफर तपासताना आधी सीटीसी फोडून पाहायची.

पीएफचे दोन्ही हिस्से तुमचेच आहेत, उशिरा मिळतात एवढंच. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर त्यातले १,५१,९२० हातात येतात, पण ते कंपनीच्या निकालावर आणि तुमच्या रेटिंगवर असतं. मागच्या दोन वर्षांत त्या टीमला सरासरी किती टक्के व्हेरिएबल मिळालं, हा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी विचारण्यात गैर काही नाही. उत्तर टाळलं तर हिशेबात ते निम्मंच धरा. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. दर दोन-अडीच वर्षांनी नोकरी बदलणाऱ्यासाठी ती सीटीसीतली रक्कम शून्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे बेसिक मुद्दाम कमी ठेवणाऱ्या कंपन्यांची रचना बदलते आहे. नव्या ऑफरची जुन्या पगाराशी तुलना करताना दोन्हीकडचं बेसिक किती टक्के आहे ते आधी पाहा, नाहीतर चिक्कू आणि आंब्याची बेरीज होते.

नोकरी सोडताना काय मागे राहतं तेही मोजायचं. बेसिक ६०,००० असलेल्या माणसानं पाच वर्षं पूर्ण केली तर ग्रॅच्युइटी ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे १,७३,०७७ रुपये. ही करमुक्त असते. साडेचार वर्षं झाली असतील तर नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पुढे मागा, किंवा ही रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागा. पण जॉइनिंग बोनसवर कर लागतो. वरच्या स्लॅबमध्ये असाल तर १,७३,०७७ ची बरोबरी करायला सुमारे अडीच लाख मागावे लागतील. वर्षाच्या आत सोडल्यास बोनस परत करण्याची अट असतेच. ती कर कापण्याआधीच्या रकमेची आहे की हातात आलेल्या रकमेची, हे सही करण्याआधी लेखी घ्या. हातात आले सत्तर आणि परत द्यायचे शंभर, अशी वेळ यायला नको. जुना पीएफ काढून घेऊ नका, नव्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेला पीएफ सहसा करपात्र ठरतो.

नोकरी बदलताना सर्वांत जास्त लोक जिथे फसतात ती जागा वेगळीच आहे. एप्रिल ते सप्टेंबर एका ठिकाणी महिना एक लाख, ऑक्टोबर ते मार्च दुसरीकडे एक लाख तीस हजार. पहिल्या कंपनीनं वर्षाचा १२ लाख अंदाज धरला, टीडीएस शून्य. दुसऱ्या कंपनीला तुमचे सहा महिन्यांचे ७.८० लाखच दिसले, टीडीएस शून्य. दोघांनीही प्रमाणित वजावट दिली, दोघांनीही करसवलत दिली. वर्षाची बेरीज मात्र १३.८० लाख आहे आणि त्यावर कर ७८,७८०. तो जुलैत एकदम भरावा लागतो, शिवाय आगाऊ कर न भरल्याचं दरमहा एक टक्का व्याज. उपाय सोपा आहे: रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म १२-बी मध्ये आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. त्या ऑक्टोबरपासूनच टीडीएस कापला जाईल. कुणी "कशाला सांगतोस, हातात जास्त येतील" असा सल्ला दिला तर ऐकू नका. दोन्ही कंपन्यांचे आकडे २६-एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तपशील) मध्ये आणि वार्षिक माहिती विवरणात दिसतातच.

वाढ झाल्यावर करप्रणाली पुन्हा तपासा

पगारदाराला दरवर्षी नवी किंवा जुनी प्रणाली निवडता येते. जुन्या प्रणालीत करपात्र १० लाखांनंतर थेट ३० टक्के दर आहे, म्हणून तिथे राहून मिळालेल्या वाढीतले ३१.२ टक्के जातात. नवीत त्याच पगाराला १५.६ किंवा २०.८ टक्के. जुनी प्रणाली परवडण्यासाठी प्रमाणित वजावट सोडून किती वजावटी लागतात? १५ लाख पगाराला ५,४३,७५०. १८ लाखांना सुमारे ६,४१,७००. २४.७५ लाखांच्या पुढे सरसकट ८ लाख. कलम ८०-सीचे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीचे) दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख मिळून साडेतीनच होतात. उरलेली खिंड भरायला मोठं घरभाडं लागतं. भाड्याच्या सवलतीत मुंबईला बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, पुण्याला २०२५-२६ साठी ४०. मुंबईत भाड्यानं राहणारा आणि गावी कर्जावर घर बांधलेला माणूस सोडला, तर वाढ मिळाल्यावर बहुतेकांना नवी प्रणालीच परवडते. तेवढ्यासाठी नको असलेली विमा पॉलिसी घेणं थांबवलं तर तोही फायदाच.

८ लाखांची कडा

आयकर शून्य असतानाही वाढ महाग पडू शकते, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. जुलै २०२४ मधल्या निर्णयानंतर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना याच मर्यादेत पूर्ण शुल्क माफ झालं. आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची मर्यादाही ८ लाखच.

घरात मुलगा इंजिनिअरिंगला जाणार आहे आणि शिक्षण शुल्क १,२०,००० आहे असं धरा. कुटुंबाचं उत्पन्न ७.८० वरून ८.२० लाख झालं, कर आधीही शून्य आणि आताही शून्य. पण ४०,००० च्या वाढीपायी ६०,००० ची सवलत गेली. पात्र मुलगी असेल तर १,२०,०००. इथे मार्जिनल रिलीफसारखी पायरी नाही, सरळ कडा आहे. तहसीलदारांच्या दाखल्यात पूर्ण कुटुंबाचं उत्पन्न धरलं जातं, म्हणून आईचा आणि वडिलांचा पगार एकत्र मोजावा लागतो. मूल बारावीत असेल आणि उत्पन्न या रेषेजवळ असेल, तर कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला लागणार हे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा. बोनस किंवा थकबाकी नेमकी त्याच वर्षात पडणार असेल तर ती एप्रिलनंतर मिळू शकते का, हे विचारणं योग्यच आहे. मिळालेलं उत्पन्न दाखल्यात लपवणं मात्र नाही. खोटा दाखला उघडकीला आला तर सवलत जाते, आणि प्रवेशही धोक्यात येतो.

५० लाखांच्या वर अशीच पट्टी अधिभारामुळे येते. करपात्र ५० लाख ओलांडले की करावर १० टक्के अधिभार लागतो आणि मार्जिनल रिलीफमुळे ५०,००,००० ते सुमारे ५१,६१,१९४ ही पट्टी पूर्ण करात जाते. तिथे असलेल्या माणसाला सीए असतोच, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

शहर, वेळ आणि घरातला दुसरा पगार

नाशिक किंवा कोल्हापूर सोडून मुंबई-पुण्याला जाताना खर्च किती वाढेल हे प्रत्येकाला ठाऊक असतं, पण त्याची तुलना चुकीच्या आकड्याशी होते. खर्च कर भरलेल्या पैशांतून होतो आणि ऑफरचा आकडा कर भरण्याआधीचा असतो. भाडं, प्रवास आणि मुलांची शाळा मिळून महिन्याला २०,००० वाढणार असतील तर वर्षाचे २,४०,०००. तुमच्या वाढीवर २०.८ टक्के दर लागत असेल तर २,४०,००० भागिले ०.७९२, म्हणजे ३,०३,०३० ची वाढ नुसती बरोबरी साधायला लागते. ३१.२ टक्क्यांच्या टप्प्यात ३,४८,८३७. याच्या वर जे मिळेल ती खरी वाढ. डिपॉझिट, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च पहिल्या वर्षात वेगळा धरायचा.

जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर हिशेब फारच बदलतो, कारण आपल्याकडे कर माणसागणिक लागतो, कुटुंबागणिक नाही. नवरा-बायको दोघांना प्रत्येकी १० लाख पगार असेल तर दोघांचा कर शून्य. तेच २० लाख एकट्याला मिळाले तर कर १,९२,४००. बायकोच्या ५ लाखांच्या नोकरीवर कर नाही. ती सोडायला लावून नवऱ्यानं शहर बदललं तर ती भरपाई करायला त्याला २०.८ टक्क्यांच्या टप्प्यात ६,३१,३१३ ची जास्तीची वाढ लागेल, आणि तिचा पीएफ, तिचा अनुभव, तिची पुढची बढती यांची भरपाई त्यात नाहीच. "तुझा पगार कितीसा आहे" असं घरात सहज म्हटलं जातं. करानंतरच्या हिशेबात तो पगार दिसतो त्याहून बराच मोठा असतो, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

वेळेचा हिशेबही रुपयांत होतो. १५ लाख पगार, हातात १४,०२,५००. आठवड्याला प्रवास धरून ४५ तास, वर्षाचे ४८ आठवडे, म्हणजे २,१६० तास. तासाला ६४९ रुपये. नव्या नोकरीत १८ लाख, हातात १६,४९,२००, पण आठवड्याचे ५५ तास, वर्षाचे २,६४०. तासाला ६२५. पगार २० टक्क्यांनी वाढला आणि तासाचा दर घसरला. जास्तीचे ४८० तास ५१४ रुपयांनी विकले गेले. कुणाला कर्ज फेडायचं असेल, कुणाला त्या कामातून पुढची मोठी दारं उघडायची असतील, तर ५१४ सुद्धा चालतील. विशीतल्या माणसानं घ्यावी अशी ऑफर चाळिशीत दोन लहान मुलं असताना घेऊ नये असंही होईल.

ऑफर हातात आल्यावर एचआरला पाच गोष्टी लेखी विचारा. नक्की मिळणारा महिन्याचा पगार किती आणि त्यात बेसिक किती. पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर, कारण दुसऱ्या प्रकारात महिना १,८०० च कापले जातात आणि हातातला आकडा मोठा दिसतो. व्हेरिएबल वर्षातून कितीदा आणि कशावर. कंपनीमार्फत एनपीएस निवडता येईल का. आईवडिलांचा विमा सीटीसीत आहे की वेगळा. ही उत्तरं आली की सध्याच्या पगाराची स्लिप शेजारी ठेवा, आयकर विभागाच्या पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही वार्षिक आकडे टाका, आणि बोलणी त्या फरकावर करा.